मुंबईत हीटर कशाला? एका एमजीबीच्या गरम हवेचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादरच्या हिंदू कॉलनीतून एका ताईंचा फोन आला. वडिलांची जुनी एमजी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन वर्षं गॅरेजमध्ये होती, रंगरंगोटी होऊन नुकतीच घरी आली होती. "गाडी चालते छान, पण आत बसवत नाही. पाय अक्षरशः भाजतात. मिस्त्री म्हणतात हीटरच काढून टाकू, मुंबईत लागतो कोणाला! काढू का?"

मी म्हटलं, "काढू नका. मला एक रविवार द्या."

त्या एका रविवारचे पुढे चार झाले. त्यात जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण मुंबईतल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये हीटरच्या नळ्या बांधून टाकलेल्या मी बऱ्याचदा पाहिल्या आहेत. कारण प्रत्येक वेळी तेच: इथे थंडी नाही, मग हीटर कशाला? ऐकायला पटतं. पण या गाड्यांत हीटर म्हणजे नुसता हीटर नसतो. बाहेरची हवा गाडीत आणण्याची, ती पायाशी किंवा काचेवर सोडण्याची सगळी व्यवस्था त्याच एका डब्यात असते. तो डबा काढला की उन्हाळ्यातला वारा जातो आणि पावसाळ्यात काच पुसायला हातात फडकंच उरतं.

गाडी 1965 ची, उजव्या स्टिअरिंगची, कापडी टप असलेली एमजीबी. हे मॉडेल इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 पर्यंत बनलं. इंजिन 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये बरीच वर्षं जे 1489 सीसीचं इंजिन होतं ते याच घराण्यातलं, त्यामुळे लालबाग-परळच्या जुन्या मिस्त्रींना एमजीबीचं बोनेट उघडलं की परकं वाटत नाही. हीटर मात्र परका वाटतो. सुरुवातीच्या काळात खुद्द इंग्लंडमध्येही तो जादा पैसे मोजून घ्यावा लागायचा. म्हणून तो डॅशबोर्डच्या पोटात न बसवता, इंजिनाच्या बाजूला मागच्या आडव्या पत्र्यावर एक स्वतंत्र डबा म्हणून बसवलेला आहे. वरून ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून काढून टाकावासाही वाटतो.

हवा कुठून येते, कुठे जाते

पहिल्या रविवारी पान्याला हात लावण्याआधी मी ताईंना आणि मिस्त्रींना गाडीपुढे उभं करून हवेची वाट दाखवली. काचेच्या खाली, बोनेट संपतं तिथे एक जाळी आहे. गाडी धावताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब वाढतो, म्हणून हवा घ्यायची जाळी तिथे दिलेली असते. हवा आपोआप आत ढकलली जाते. जाळीखाली पत्र्याचा एक खण आहे. तिथून हवा हीटरच्या डब्यात जाते. वेग कमी असेल तेव्हा ओढायला पंखा आहे, एकाच गतीचा. डब्यात एक छोटा रेडिएटर, आपले मिस्त्री त्याला हीटरची जाळी म्हणतात. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं. हवा त्याच्यातून पार होऊन पुढे जाते: थोडी दोन नळ्यांनी वर काचेकडे, बाकीची खाली दोन्ही बाजूंच्या पायांकडे, जिथे हाताने उघडायच्या-मिटायच्या झडपा आहेत.

डॅशबोर्डवर यासाठी दोन गोल बटणं. एक हवेचं: एका टोकाला पूर्ण बंद, मग आत, मग काचेवर. दुसरं उष्णतेचं. पंख्याचा स्विच वेगळा.

या उष्णतेच्या बटणापाशी नव्या गाड्यांची सवय झालेला माणूस हमखास चुकतो. आजच्या गाडीत हीटरची जाळी बहुधा कायम गरमच असते आणि एक पडदा थंड हवा नि गरम हवा यांचं मिश्रण करतो, म्हणून बटण फिरवल्याबरोबर फरक कळतो. एमजीबीच्या डब्यात असं मिश्रण नाही. सगळी हवा हीटरच्या जाळीतूनच जाते. उष्णतेचं बटण एक केबल ओढतं आणि ती केबल इंजिनाच्या हेडवर (वरच्या झाकणासारख्या भागावर) मागे उजवीकडे बसवलेला पाण्याचा कॉक उघडते किंवा मिटते. म्हणजे बटणाने आपण हवेला हात लावतच नाही, पाण्याला लावतो. कॉक मिटला तरी जाळीतलं पाणी गरम असतं तोवर काही मिनिटं ऊन हवा येतच राहते. आणि कॉक पूर्ण मिटलाच नाही, तर मे महिन्यात भर दुपारी हीटर चालू.

मग मी ताईंना विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता ते दाखवा." त्यांनी हवेचं बटण पूर्ण उघडलं आणि पंखा लावला. "वारा यायला हवा ना!" बरोबरच होतं त्यांचं. पण बटणांवरची पांढरी अक्षरं पुसली गेली होती आणि उष्णतेचं बटण कुठल्या टोकाला थंड, हे घरात फक्त वडिलांना ठाऊक होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली.

नळीवर हात

तपासणी अगदी साधी. बटण थंड टोकाला नेलं, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं आणि कॉकमधून हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर हात ठेवला. हेडला लागून असलेलं वीतभर अंतर गरम असणारच, धातूतून उष्णता चढते. त्यापुढे नळी कोमट ते गार लागायला हवी. इथे शेवटपर्यंत हात ठेवता येईना. स्वयंपाकघरातला थर्मामीटर पायाशी येणाऱ्या झोतात धरला तर 54 अंश.

मिस्त्रींना म्हटलं, "आता तुम्ही कॉकची दांडी बोटाने ढकलून बघा." त्यांनी ढकलली. दांडी आणखी सहा-सात मिलिमीटर सरकली आणि टक् करून थांबली. बटण शेवटाला पोचलं होतं, कॉक पोचला नव्हता. रंगकामाच्या वेळी डॅशबोर्ड उतरवला, परत बसवताना केबलच्या बाहेरच्या आवरणाची पकड थोडी पुढे घसरली, एवढंच. मिस्त्रींचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितलं की हे कोणाच्याही हातून होतं, कारण बटण फिरताना सगळं ठीकच वाटतं.

केबल जुळवायची रीत उलटीकडून आहे. आधी दांडी हाताने पूर्ण मिटवायची, मग बटण थंड टोकापासून केसभर अलीकडे ठेवायचं, मग पकडीचा स्क्रू आवळायचा. ते केसभर अंतर महत्त्वाचं, नाहीतर बटण आधी अडतं आणि कॉक उघडा राहतो.

एवढं करूनही नळी ऊन लागतच होती. झोत 54 वरून 45 वर आला, बास. कॉकच्या आतली बैठक झिजली होती. नवा कॉक इंग्लंडहून मागवला, सोबत हेडवर बसणारं गॅस्केटही (सांधा बंद करणारी पातळ चकती), कारण जुनं गॅस्केट परत वापरलं की तिथून हमखास पाणी झिरपतं. तीन आठवडे लागले. तोवर ताईंना हवेचं बटण बंद ठेवून, तिकोनी काचा उलट्या वळवून गाडी चालवायला सांगितलं. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीत बसलेल्यांना ती तिकोनी काच आठवत असेल. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली, अर्ध्याहून जास्त फिरवली की अंगावर वारा फेकणारी. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर बिनविजेचा वारा कसा घ्यायचा हे ज्ञानही चाललंय.

कॉकची वाट बघत असताना हीटरची जाळी साफ केली. उलट्या दिशेने पाणी सोडलं तेव्हा विटकरी गाळ निघाला, बादलीच्या तळाशी बोटभर. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं. कूलंट का नाही विचारलं तर पुन्हा तेच उत्तर: ते बर्फ होऊ नये म्हणून असतं, इथे कुठे बर्फ! पण कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि या गाडीत बिडाचं इंजिन, पितळ-तांब्याचा रेडिएटर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बसलेले आहेत. गंज थंडीची वाट बघत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठराविक अंशाला तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, मात्र हवामान बघून निवडावा. या इंजिनाला 74, 82 आणि 88 अंशांचे मिळतात, आम्ही उष्ण प्रदेशासाठीचा 74 चा घातला.

आणखी दोन गोष्टी याच दरम्यान सापडल्या. गाडीच्या बोगद्यावरचा (दोन सीटच्या मधल्या, खाली गिअरबॉक्स असलेल्या उंचवट्यावरचा) गालिचा उचलला तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघायची कांडी काढण्यासाठीचं भोक उघडंच होतं, रबरी टोपण गायब. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक, पण गाडी धावताना तिथून एक्झॉस्टच्या बाजूची तापलेली हवा सरळ सीटपाशी येत होती. दुसरी गोष्ट बोनेटची. मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बोनेटची मागची कड वर उचललेली होती, इंजिनाची गरमी बाहेर जावी म्हणून. हा उपाय मुंबईत फार लोकप्रिय आहे आणि माझं त्याच्याशी जमत नाही. गाडी धावताना काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो हे वर सांगितलंच, त्यामुळे त्या फटीतून गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची आत घुसते. गाडी सिग्नलला उभी असेल तेव्हा गरम हवा वर येते खरी, पण त्या फटीपासून चार बोटांवर हवा आत घेणारी जाळी आहे. म्हणजे इंजिनाची वाफ थेट पायाशी. वॉशर काढले.

नवा कॉक बसला, नळी गार लागली. पायाशी येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन-तीन अंश जास्त. मे महिन्यात मुंबईत त्याला थंड कोणी म्हणणार नाही, पण सी-फेसला वारा लागतो तसा तो वारा होता. ताई वरळीहून परत येताना म्हणाल्या, "बाबा हेच करायचे. उजवं बटण फिरवून मग पंखा." मला वाटलं प्रकरण मिटलं.

जून

पहिला जोरदार पाऊस झाला आणि फोन आला. डाव्या बाजूला पायाशी पाणी, गालिचा भिजून चिंब, आणि माहीमच्या अलीकडे काच आतून इतकी पांढरी झाली की गाडी कडेला घ्यावी लागली. मिस्त्री तिथे होतेच. ते मूळचे मालवणचे, मागून त्यांचा आवाज आला: "मी तेवाच सांगितलेलंय, हीटर कित्याक व्हयो मुंबयत!"

पाण्याचं आधी. काचेखालच्या जाळीतून हवा आत येते तशी पावसाची धारही येते. तिच्यासाठी त्या पत्र्याच्या खणाच्या तळाला एक रबरी नळी असते, ती खाली गिअरबॉक्सच्या बोगद्यात उघडते. ती तुंबली की खण भरतो आणि पाणी हवेच्याच वाटेने गाडीत उतरतं. ताईंची गाडी उभी राहते गुलमोहराखाली. गुलमोहराची पानं तांदळाच्या दाण्याएवढी, जाळीतून सहज आत.

मिस्त्री गाडीखाली सरकले. मी वरून जाळीत एक तांब्या पाणी ओतलं. खाली एक थेंब नाही. त्यांनी स्कूटरची जुनी क्लच वायर घेतली, टोकाचा पीळ थोडा उसवला आणि नळीच्या तोंडातून हळूहळू वर सारली, बोटांनी गोल फिरवत. घाई केली तर नळी वरच्या तोटीवरून निसटते. दोन मिनिटं काहीच नाही. मग बुडबुड्यासारखा आवाज आला आणि त्यांच्या मनगटावरून काळा चिखल ओघळला, त्यात गुलमोहराची पानं, एक वाळलेली शेंगेची कपची आणि रंगकामाच्या वेळचा चिकटपट्टीचा तुकडा. पाठोपाठ माझं तांब्याभर पाणी. ते खालूनच ओरडले, "सुटला!" दुसरा तांब्या ओतला तो ओतता ओतताच खाली गेला. दर वर्षी मेअखेर ही तांब्याची परीक्षा करायची, असं ताईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून टाकलं.

आता काच. मुंबईतल्या एसी गाड्यांची काच पावसात बऱ्याचदा बाहेरून धुरकटते, कारण थंड हवेने काच गार होते आणि बाहेरचं दमट वातावरण तिच्यावर साचतं. वायपर मारला की साफ. एमजीबीत उलटं घडतं. टप लावलेला, दोन भिजलेली माणसं आत, त्यांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ, आणि पावसाने गार झालेली काच. दव आतून धरतं. फडक्याने पुसलं तर अर्ध्या मिनिटात परत येतं, वर काचेवर तेलकट ओरखडे.

इथे हीटर लागतो, आणि मुंबईत लागतो. पावसाळ्यातली 27 अंशांची, 90 टक्के दमट हवा घ्या. तिच्यातलं पाणी तेवढंच ठेवून ती 40 अंशांपर्यंत तापवली तर दमटपणा साधारण 44 टक्क्यांवर येतो. अशी हवा काचेवर सोडली की ती ओल उचलते, आणि काचही थोडी ऊन होते, म्हणून नवीन दव धरत नाही. थंडीचा संबंधच नाही. सगळा खेळ दमटपणाचा आहे, आणि दमटपणा मुंबईला कोणी शिकवायला नको.

पण ताईंनी बटण काचेवर ठेवून उष्णता उघडली होती, तरी काच साफ झाली नव्हती. का? बोनेट उघडून पंखा लावला. आवाज येत होता, वाराही येत होता, पण काचेखालच्या फटीपाशी धरलेला कागदाचा कपटा नुसता थरथरला. हे मी एप्रिलमध्येच पकडायला हवं होतं. तेव्हा झोत कमजोर वाटला होता, जुना मोटर म्हणून सोडून दिला.

1965 ची एमजीबी मुळात धन अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. रंगकामाबरोबर एकच 12 व्होल्टची बॅटरी टाकली आणि नवा म्युझिक सिस्टिम चालावा म्हणून ऋण अर्थिंग केलं. चांगलं काम, नीट केलेलं. पण कायम चुंबक असलेल्या मोटरला वीज उलटी मिळाली की तो उलटा फिरतो. पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त फार कमी. म्हणून कोणाला संशय येत नाही. मोटरच्या दोन वायरी आपसांत बदलल्या, कपटा हातातून उडाला. अर्ध्या मिनिटाचं काम.

शिवाय डॅशबोर्डमागे काचेकडे जाणारी एक नळी तिच्या तोंडावरून निसटून लोंबत होती, त्यामुळे ड्रायव्हरसमोरची काच सगळ्यात शेवटी साफ व्हायची. दोन्ही नळ्या नव्या घातल्या, क्लिप लावून.

ताईंना मग पावसाळ्याची पद्धत सांगितली. निघतानाच, दव धरायच्या आधी, उष्णता अर्धी, हवा काचेवर, पंखा चालू. पायाकडच्या दोन्ही झडपा मिटलेल्या, म्हणजे सगळा जोर काचेला. वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं खाली, कारण आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा येतच नाही. बसच्या मागे अडकलो तर हवेचं बटण थोडा वेळ बंद, नाहीतर तिचा धूर जाळीतून आपल्याच गाडीत. उन्हाळ्यात उष्णता पूर्ण बंद, हवा आत, झडपा उघड्या. आणि कधी ट्रॅफिकमध्ये इंजिनाचा काटा चढायला लागला तर उष्णता पूर्ण उघडून पंखा लावायचा. हीटरची जाळी तेव्हा दुसऱ्या रेडिएटरचं काम करते. पाय तापतील, पण हेडचं गॅस्केट वाचेल. हीटर काढलेल्या गाडीला ही सोय नाही.

जुलैच्या एका संध्याकाळी आम्ही तिघं आळीपाळीने बसून दादर ते वरळी आणि परत असा फेरा मारला, सततच्या पावसात. टिळक पुलावर वीस मिनिटं अडकलो. काच स्वच्छ, पायाशी कोरडं. मिस्त्री ड्रायव्हरच्या जागेवर होते. त्यांनी न विचारता हवेचं बटण मिटलं, पुढची बस हलल्यावर परत उघडलं.

डावीकडे बसणाऱ्याचा पाय अजून थोडा तापतो. या इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे, हीटरचा त्यात दोष नाही. तिथल्या पत्र्याला आतून उष्णतारोधक थर लावायचा आहे. पाऊस संपला, गालिचा पूर्ण वाळला की दिवाळीच्या आधी ते काम घेऊ.